ग्रेड वन म्हणजे नेमकी किती चरबी?

मोरी, म्हणजे शार्क, कापताना ज्याने पाहिली आहे त्याला तेलकट यकृत म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. या माशाला हवेची पिशवी नसते. पाण्यात बुडू नये म्हणून तो यकृतात तेल साठवतो. माणसाला तशी काही गरज नाही. आपल्या यकृतात ५ टक्क्यांहून जास्त चरबी साचली की ते फॅटी लिव्हर. पण न कापता, सुई न टोचता ती मोजायची कशी?

रत्नागिरी असो की कणकवली, पहिली गाठ पडते सोनोग्राफीशी. चरबीचे थेंब ध्वनिलहरी विखरून टाकतात, म्हणून यकृत पडद्यावर पांढुरकं दिसतं. खालीच उजवी किडनी असते, तिच्याशी तुलना करायची. यकृत नुसतंच उजळ असेल तर ग्रेड वन, आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या की टू, मागचं श्वासपटलही दिसेनासं झालं की थ्री. म्हणजे हा सगळा नजरेचा अंदाज. किडनीच आजारी असेल तर तुलनाच फसते, आणि चरबी २० टक्क्यांच्या आत असली तर ती बरेचदा निसटते. गणपतीत ग्रेड टू होता, शिमग्याला दुसऱ्या सेंटरवर ग्रेड वन आला, तेवढ्यावर चरबी उतरली असं धरू नये.

आकडा हवा असेल तर फायब्रोस्कॅन. उताणं झोपून उजवा हात डोक्याखाली घ्यायचा, बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवतात आणि बोटाने टिचकी मारावी तसे धक्के बसतात. किमान १० वैध मोजमापं लागतात. लहरी यकृतात शिरताना किती क्षीण होतात यावरून १०० ते ४०० डेसिबल प्रति मीटर असा आकडा निघतो. २७५ च्या पुढे गेला तर चरबी आहे असं सहसा मानतात. कातडीपासून यकृत २५ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर मोठा, एक्सएल प्रोब लावावा लागतो. आधी किमान ३ तास पोट रिकामं हवं. पहाटेच्या एसटीने येऊन स्टँडवर मिसळ झाली असेल तर यकृताकडे रक्त वाढतं आणि त्याचा कडकपणा, जो हेच मशीन मोजतं, आहे त्याहून जास्त दिसतो.

सर्वांत अचूक एमआरआय. चुंबकीय क्षेत्रात पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन किंचित वेगळ्या गतीने डोलतो; १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये हा फरक सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांचा. साधारण २.३ मिलिसेकंदांना दोघांचे संकेत एकमेकांना खोडतात, ४.६ ला जुळतात. त्यातून चरबीचा वाटा थेट टक्क्यांत काढता येतो, तोही एकदा श्वास रोखून धरण्याच्या अवधीत. यकृतात लोह साचलं असेल तर संकेत लवकर विझतो, म्हणून चांगल्या पद्धतीत वेगवेगळ्या क्षणी अनेक संकेत घेऊन ती चूक काढून टाकतात. २० टक्क्यांवरून १४ वर आलेली घसरण इथे खरोखर दिसते. सोनोग्राफीत ती कळेलच असं नाही.

चरबीचा आकडा कमी आला म्हणून मात्र खूश व्हायची घाई नको. सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार, पुढे गेला की चरबी आपोआपच ओसरू लागते. म्हणून फायब्रोस्कॅनच्या कागदावर दुसरा आकडाही बघावा, किलोपास्कलमधला, कडकपणाचा. उपाशीपोटी तो ८ च्या आत असेल तर यकृतात मोठे व्रण असण्याची शक्यता कमी.