घरातली जुनी सायकल नेमकी कुठली आणि किती सालची?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अजून बऱ्याच घरांत माळ्यावर नाहीतर गोठ्यात एक उंच काळी सायकल पडून असते आणि घरातली मंडळी छातीठोक सांगतात, आजोबांची आहे, अस्सल विलायती, रॅले! रॅले असते ती खरीच, पण विलायती असेलच असं नाही, आणि हा घोळ का झाला ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

सायकलीशी आमच्या गावाचं नातं फार जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि त्याच साली डनलॉपनं तिकडं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, म्हणजे आज आपण चालवतो तसली सायकल जगातच नवी होती आणि इथं तिचा धंदा सुरू झालावता. पुढचा सगळा कारखान्यांचा व्याप त्या दुकानातनं वाढला, किर्लोस्कर रोडवरनं रोज जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर स्वातंत्र्यापर्यंत मुख्य माल इंग्लंडचाच, नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए, हर्क्युलस, फिलिप्स. मग देशी धंद्याला आधार म्हणून आयातीवर बंधनं आली आणि इंग्रज कंपन्यांनी इथल्या लोकांशी भागीदारी केली. बंगालात आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना झाला, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स) कंपनीनं १९५१ पासून हर्क्युलस काढली, बीएसए तिथं १९६४ च्या सुमाराला आली. नाव तेच, काळा रंग तोच, सोनेरी रेघ तीच! त्यामुळं नुसतं नाव वाचून काळ ठरवता येत नाही, खरी गोम इथंच आहे.

म्हणून आधी रॉकेलचा बोळा घेऊन हँडलखालची नळी आणि सीटखालचा जोड पुसा. पॉलिश पेपर लावू नका, खाली मेड इन इंग्लंड किंवा मेड इन इंडियाचं जे पुसट स्टिकर राहिलेलं असतं तेच जातं आणि मग पुरावा संपला. त्या नळीवरचा कंपनीचा पितळी बिल्ला गेला असेल तर त्याच्या रिव्हेटची दोन भोकं उभी आहेत की आडवी, त्यांच्यात अंतर किती, हे मोजून ठेवा, ओळख पटलेल्या दुसऱ्या सायकलीशी ताडून बघता येतं. रंग उडाला तरी लोखंड बोलतं. रॅलेवर बगळ्याचं डोकं, बीएसएवर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका (ती मुळात बंदुकांचीच कंपनी), रज (Rudge) ह्या इंग्रज कंपनीच्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चक्रात हाताचा पंजा, आणि हंबर ह्या दुसऱ्या इंग्रज कंपनीची असेल तर पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा, तो एकदा बघितला की परत कधी चुकत नाही. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाच्या मधला तुंबा) असेल तर नशीबच म्हणायचं, कारण युद्धानंतरच्या हबवर साल-महिना कोरलेला असतो, ५२ आणि ७ दिसलं तर जुलै १९५२. अर्थात ते साल हबचं, चाक मागनं बदललेलं असू शकतं, फ्रेमशी पटतंय का ते बघायलाच पाहिजे.

आमच्या भागाला मात्र एक जास्तीची सोय आहे आणि ती लोक विसरतात: कागद. गाव हललं नाही, राज्य बदलत गेलं. जुन्या पावतीवर किंवा मडगार्डवरच्या दुकानाच्या पट्टीवर बेळगावपुढं मुंबई राज्य लिहिलं असेल तर माल बहुतेक १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, म्हैसूर असेल तर १९५६ ते १९७३ मधला, कर्नाटक असेल तर त्यानंतरचा. किंमत रुपये-आणे-पैमध्ये असली तर साधारण १९५७ च्या आधीची, कारण त्या एप्रिलात नवे पैसे आले. पूर्वी बऱ्याच नगरपालिका सायकलीवर कर घेऊन वर्षाचा बिल्ला द्यायच्या, तसला एखादा जुन्या ट्रंकेत सापडला तर निदान त्या साली सायकल घरात होती एवढं तरी पक्कं होतं.

आणि घरात कुणी "ती गोव्याहून आणली" म्हणत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. गोवा डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडं होता, आपल्याकडची आयातीची बंधनं तिथं लागू नव्हती, त्यामुळं इकडं आसनसोलच्या रॅले विकल्या जात असताना तिकडनं नॉटिंगहॅमची येणं अशक्य नव्हतं. अशा वेळी वर्षाचा अंदाज बांधायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, सायकल कुठल्या वाटेनं आली, गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाकडनं की पुणे-बेंगळूर रोडनं.