कानउघाडणी की खरडपट्टी?

‘न्यायालयाने अधिकाऱ्यांची कानउघाडणी केली’ असं एका बातमीत असतं, आणि त्याच सुनावणीबद्दल दुसरीकडे ‘खरडपट्टी काढली’ असं छापून येतं. बोलणी दोन्हींत बसतात हे खरं, तरी हे शब्द एकमेकांच्या जागी आले की मला खटकतं.

कानउघाडणीत सगळा रोख कानावर. समोरच्याचे कान बंद आहेत, ते उघडले की तो ऐकेल, ही आशा त्या शब्दातच आहे. मुलगा आठ दिवस क्लासला दांडी मारतोय हे कळल्यावर आई त्याला समोर बसवते आणि म्हणते, “अरे, परीक्षा तोंडावर आलीय. उद्यापासून मी स्वतः सोडायला येणार, कळलं?” आवाज चढलेला असतो, शब्द झोंबतात, पण विषय एकच राहतो आणि पुढे काय करायचं तेही त्यात येतं. कान टोचणं, कानपिचक्या देणं ही याच घरातली सौम्य भावंडं.

खरडपट्टीत ‘खरडणं’ आहे. पातेल्याच्या बुडाला लागलेलं खरडून काढावं तसं. तीच आई चारचौघांत “अक्कल गहाण टाकलीस का?” इथून सुरुवात करून गेल्या वर्षीचे गुण, हरवलेली छत्री, मोडलेली सायकल असं एकेक उकरत जाते, तेव्हा पोराची खरडपट्टी निघते. सालटी काढणं, बिनपाण्याने करणं हे तिचे सोबती. इथे कान राहतो बाजूला, सोलवटून निघते ती कातडी.

क्रियापदंही वेगळी. कानउघाडणी करतात आणि ती होते. खरडपट्टी काढतात आणि ती निघते. ‘खरडपट्टी केली’ हे मराठी कानाला लगेच टोचतं.

माझी आवडती कसोटी पुस्तकाची. समीक्षक एखाद्या पुस्तकाची खरडपट्टी खुशाल काढू शकतो, पण पुस्तकाची कानउघाडणी कशी होणार? त्याला कान कुठे आहेत? लेखकाची होईल, तीही एखाद्या ज्येष्ठाने केली तर. कानउघाडणीला अधिकार लागतो किंवा आपुलकी तरी. खरडपट्टीला राग पुरतो, म्हणून ती परकाही काढतो.

तेव्हा न्यायालयाने चुकांचा पाढा वाचून अधिकाऱ्यांना नुसतं सोलून काढलं असेल, तर खरडपट्टी लिहावं. काम कसं आणि कधीपर्यंत करायचं हे बजावून सांगितलं असेल, तर ती कानउघाडणी.