मीनाकाम, चांदीवरील

चांदीच्या पृष्ठभागावर रंगीत काचेची पूड भट्टीच्या धगीने वितळवून ती कायमची बसविण्याची कला. ‘मीना’ हा शब्द फार्सीतून आला असून त्या भाषेत काच, काचपात्र व निळे आकाश असे त्याचे अर्थ आढळतात. संस्कृत ‘मीन’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही. पैंजण, जोडवी, करंडे, अत्तरदाणी यांवरील मीना मराठी घरांत ओळखीचा आहे. मात्र आज बाजारात मीना म्हणून मिळणारे पुष्कळसे काम कृत्रिम राळेच्या रंगांचे असते. ते मंद आचेवर सुकविले जाते, त्यात काच नसते आणि नखाने जोर दिल्यास त्यावर ओरखडा उठू शकतो. प्रस्तुत नोंदीत केवळ काचेच्या मीन्याचा विचार केला आहे.

मीन्याची काच मुख्यतः वाळूतील सिलिका, सोडा किंवा पोटॅश, टाकणखार आणि (जुन्या पद्धतीत) शिशाचे ऑक्साइड यांची असते. रंग धातूंच्या ऑक्साइडांमुळे येतो : कोबाल्टने गर्द निळा, तांब्याने हिरवा व फिरोजी, मँगॅनीजने जांभळा, तर कथिलाच्या ऑक्साइडाने अपारदर्शक पांढरा. माणकासारखा पारदर्शक तांबडा मिळविण्यासाठी काचेत बहुधा सोन्याचे अतिसूक्ष्म कण लागतात.

चांदी निवडण्यामागे स्वस्ताई हे एकच कारण नाही. दृश्य प्रकाश चांदीइतका परावर्तित करणारा दुसरा धातू नाही, त्यामुळे पारदर्शक निळा आणि हिरवा मीना तिच्यावर जसा उजळतो तसा सोन्यावरही उजळत नाही. तांबडा व गुलाबी मात्र थेट चांदीवर बिघडतात. चांदीचे कण काचेत शिरून तिला पिवळट-तपकिरी छटा देतात, म्हणून आधी रंगहीन काचेचा एक थर भाजून घेतात व त्यावर तांबडा चढवितात. जयपूर येथील ब्रिटिश शल्यचिकित्सक टी. एच. हेंडली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जयपूरच्या मीनाकामाविषयी लिहिताना सोन्यावर सर्व रंग, चांदीवर काळा, हिरवा, निळा, गडद पिवळा, नारिंगी, गुलाबी असे मोजके रंग आणि तांब्यावर त्याहूनही थोडे रंग चालतात, अशी विभागणी नोंदविली आहे. ही यादी कारागिरांच्या अनुभवावर आधारलेली असून रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बरीचशी पटते.

खरी अडचण तापमानाची आहे. मीन्याची काच साधारणतः ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला वितळून पसरते. चोख चांदीचा वितळबिंदू ९६१.८ अंश असल्याने तिथे थोडीफार मोकळीक राहते. परंतु ९२.५ टक्के चांदी व उरलेले तांबे असलेली मिश्र चांदी ८०० अंशांच्या आसपासच मऊ होऊ लागते. म्हणजे काच चकाकू लागते त्याच वेळी खालचा दागिना खचण्याचा धोका असतो. शिवाय त्यातील तांब्याचे ऑक्सिडीकरण होऊन पारदर्शक रंगाखाली काळसर डाग उमटतात. मिश्र चांदीच वापरायची झाल्यास दागिना पुनःपुन्हा तापवून सौम्य आम्लात टाकतात. त्यामुळे पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि चोख चांदीचा पातळ थर वर येतो. झाळलेल्या सांध्यांत जस्त असेल तर काचेत बुडबुडे धरतात. तेव्हा झाळसुद्धा उच्च वितळबिंदूची घ्यावी लागते.

दुसरी अडचण प्रसरणाची. तापमान एक अंशाने वाढले की चांदीची लांबी दशलक्ष भागांत सुमारे १९ भागांनी वाढते. मीन्याच्या काचेचे प्रसरण याहून बरेच कमी असते. निवताना चांदी जास्त आकसते, पातळ पत्रा कुबड काढतो आणि काच कडेने उडते. यावर उपाय म्हणजे पत्र्याला आधीच किंचित घुमट देणे व मागच्या बाजूसही मीना चढविणे.

शिकण्याची सुरुवात रंगांनी होत नाही, धुण्याने होते. काचेचा खडा खलात पाणी घालून कुटतात व घोटतात. वर येणारे दुधाळ पाणी ओतून टाकायचे, नवे घालायचे, पुन्हा ओतायचे. पाणी नितळ राहीपर्यंत हे चालते. या दुधाळ पाण्यातील अतिबारीक पूडच रंग गढूळ करते. शिकाऊ मुलाला इथेच घाई होते आणि त्याचा निळा मळकट निघतो. मग ओली पूड अणकुचीदार सळईने खोदलेल्या घरात भरायची, फडक्याच्या टोकाने पाणी टिपायचे आणि दागिना भट्टीच्या तोंडाशी पूर्ण सुकू द्यायचा. ओल राहिली तर वाफ होऊन पूड उडून जाते. भट्टीत काम मिनिटा-दोन मिनिटांचे असते. पूड आधी साखरेसारखी खरबरीत दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी, आणि अखेरीस एकदम ओली होऊन चकाकते. त्या क्षणी बाहेर काढायचे. तापलेला तांबडा काळा दिसतो, रंग खरा की खोटा ते निवल्यावर कळते. तापमापक आल्यानंतरही ही नजर तयार व्हावीच लागते, आणि ती भट्टीपुढे बसूनच होते. कठीण (जास्त धग लागणारे) रंग आधी व मऊ (कमी धगीत वितळणारे) रंग नंतर भाजतात. हेंडली यांच्या काळी पांढरा, निळा, हिरवा, काळा, तांबडा असा क्रम होता. पूड कोरडी कधीच घोटू नये. शिसेयुक्त काचेची धूळ विषारी असते.

घरे करण्याच्या दोन पद्धती प्रमुख आहेत. चपट्या तारेच्या भिंती उभ्या करून घरे बांधणे ही एक, व धातू कोरून खळगे करणे ही दुसरी. भारतात दुसरीच रुजली. खळग्याच्या तळाशी बारीक रेघा मारतात. त्यांमुळे काच पकडते आणि उजेड आतून हलतो.

मीन्याचे सर्वांत जुने निश्चित नमुने सायप्रसमधील कूक्लिया येथील सोन्याच्या अंगठ्यांवर असून ते इ. स. पू. तेराव्या-बाराव्या शतकांतील मानले जातात. भारतात ही कला केव्हा व कोठून आली, याविषयी एकमत नाही. आमेरच्या राजा मानसिंहाने (कारकीर्द १५८९–१६१४) लाहोरहून शीख मीनाकार आणून वसविले, ही जयपूरची परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. मानसिंहाची म्हणून दाखविली जाणारी मीनाकारीची काठी तिच्या पुष्ट्यर्थ पुढे केली जाते. तथापि काठीचा काळ सर्वांना मान्य नाही. फार्सी शब्दावरून इराणकडे बोट दाखविणारे अभ्यासक आहेत. दुसरा पक्ष कोरून भरण्याची पद्धत व पारदर्शक तांबड्या-हिरव्याची आवड यांवरून यूरोपीय प्रबोधनकालीन दागिन्यांकडे पाहतो. अकबराने १५७५ च्या सुमारास हाजी हबीबुल्लाला कारागिरांसह गोव्याला धाडले, तेथील हुन्नर शिकून घेण्याची आज्ञा दिली आणि तो सुमारे दोन वर्षांनी परतला, ही नोंद या संदर्भात महत्त्वाची ठरते. तीत मीन्याचा स्पष्ट उल्लेख नाही; तरी शब्द फार्सी आणि तंत्र बहुधा गोव्याच्या वाटेने, हे मत अधिक संभाव्य वाटते. ‘आईन-इ-अकबरी’त मात्र मीनाकार सोने आणि चांदी या दोहोंवर काम करतो, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि चांदीकामाच्या दृष्टीने तोच विश्वसनीय आधार होय.

चांदीवरचा निळा-हिरवा मीना कांग्रा, कुलू, लखनौ व मुलतान येथे विशेष विकसित झाला. बनारसचा गुलाबी मीना पांढऱ्या थरावर कुंचल्याने रंगवितात. राजस्थानातील प्रतापगढचे थेवाकाम जवळचे, पण वेगळे : त्यात सोन्याची जाळी रंगीत काचेत वितळवून बसवितात व भोवती बहुधा चांदीचे कोंदण असते. ही विद्या काही घराण्यांतच राहिली आणि ती मुलींना शिकवीत नसत, असे सांगतात. जयपूरचे मीनाकार सरदार कुदरत सिंह यांना १९८८ मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे.