फ्रेंचचे पहिले पाठ्यपुस्तक : मूल्यमापन

नववी ते बारावीच्या वर्गात फ्रेंच नव्याने सुरू करताना कोणते पुस्तक लावायचे, हे ठरवण्यासाठी केलेली पारख. युरोप परिषदेने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या भाषाशिक्षणाच्या सामायिक चौकटीत ए1 ते सी2 अशा सहा पातळ्या आहेत आणि नवशिक्यांच्या बहुतेक नव्या पुस्तकांवर ‘ए1’ छापलेले असते. पण छापणारा प्रकाशकच असतो. पुस्तकाचा कस वर्गातल्या मुलावर लागतो, आणि नागपूरच्या वर्गात ते मूल घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वहीत इंग्रजी वापरत आलेले असते.

पहिला धडा सगळ्याच पुस्तकांचा बरा असतो : नमस्कार, नाव, वय. पारख करताना चौथा-पाचवा धडा उघडावा. सत्तरच्या पुढचे आकडे साधारण तिथेच कुठेतरी येतात. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’ आणि नव्व्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-दहा-नऊ’. मराठी मुलाला हे वाटते तितके परके नाही. एकोणऐंशी म्हणताना तो ऐंशीतून एक वजा करतोच आणि वीस नगांची कोडी आजोबांच्या तोंडून कधीतरी ऐकलेली असते. पुस्तकाने या आकड्यांना दोनच ओळी दिल्या असतील, तर वर्षभर बाजारभाव आणि फोन नंबर चुकत राहतात.

बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ पुस्तकांत व्याकरण इंग्रजीतून समजावलेले असते आणि त्यामुळे सोपी गोष्ट उगाच अवघड होते. विशेषणाचे रूप नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, हे इंग्रजीतून सांगायला पानभर लागते. ‘चांगला डबा, चांगली वही’ म्हणणाऱ्याला एक ओळ पुरते. ‘मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला’ यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. फ्रेंचमध्येही ‘जवळ असणे’ (इंग्रजीतले ‘हॅव’) या अर्थाचे सहायक क्रियापद घेणाऱ्या भूतकाळात कर्म आधी आले, तर लिहिताना कृदंताचे रूप कर्माप्रमाणे बदलते. फ्रेंच मुलेही इथे अडखळतात. अडचण उलट नपुंसकलिंगाची आहे. आपले ‘ते टेबल’ फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, ‘ते पुस्तक’ पुल्लिंगी. म्हणून शब्दसूचीत प्रत्येक नामाला आर्टिकल जोडलेले हवे, आणि तेही ‘एक’ या अर्थाचे. स्वरापुढे निश्चित आर्टिकलचा नुसता ‘ल’ उरतो, तेव्हा लिंग दिसेनासे होते.

उच्चारांसाठी पुस्तकापेक्षा त्याचा ऑडिओ तपासावा. ‘तू’साठीचा फ्रेंच शब्द लिहिताना मराठी ‘तू’सारखाच दिसतो आणि अर्थही तोच, त्यामुळे मुले खूश होऊन आपलाच ‘तू’ म्हणतात. फ्रेंच कानाला मात्र तो ‘सगळे’ या अर्थाचा शब्द ऐकू येतो. ओठ ‘ऊ’चे ठेवून जीभ ‘ई’ची ठेवायची, हे देवनागरीत लिहून दाखवता येत नाही, देवनागरी उच्चार छापणारी गाइडे इथेच दगा देतात. क्यूआर कोड असेल तर तो वर्गात उघडून पाहावा आणि कूलरच्या घरघरीत शेवटच्या बाकावर आवाज पोचतो का, तेही.

विषय परके असणे हा दोष नव्हे. बर्फ, चीज, सप्टेंबरात उघडणारी शाळा हे सारे फ्रान्सचेच आहे आणि ते यायलाच हवे. प्रश्न एवढाच, की त्या धड्यावरून मुलाला आपल्या गावाबद्दल चार वाक्ये बोलता येतात का. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेल्यावर ‘बर्फ पडतोय’ हे वाक्य पाठ असून उपयोग काय? संत्र्याचेच घ्या. ‘ओरांज’ म्हणून पुस्तकात काढलेले गुळगुळीत, घट्ट सालीचे फळ आपल्या मोसंबीच्या जातकुळीतले. सुट्या सालीच्या नागपुरी संत्र्याला फ्रेंच माणूस बहुधा ‘मांदारीन’ म्हणेल. शिवाय फळावरून आलेले ‘ओरांज’ हे रंगाचे विशेषण अनेकवचनात बदलत नाही. हा अपवाद रंगांच्या तक्त्याखाली नोंदवला आहे का, एवढे पाहिले तरी लेखकाच्या काळजीचा अंदाज येतो.

परीक्षेचा विचार टाळता येत नाही, कारण गुण चांगले पडतात म्हणूनच बरीच मुले फ्रेंच घेतात. शाळेचा भर लेखी उत्तरांवर असतो. ‘देल्फ’ या फ्रेंच सरकारी परीक्षेत मात्र ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे यांना प्रत्येकी 25 गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण 50 आणि प्रत्येक भागात किमान 5 लागतात. म्हणजे निम्मे गुण कान आणि तोंडाचे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा बारा धड्यांपैकी किती होतील, याचा हिशेब आधीच मांडावा लागतो.

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, म्हणजे बर्डीवर, जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर स्वस्तात मिळालेली प्रत घेताना आतल्या किमती पाहाव्यात. त्या फ्रँकमध्ये असतील, तर पुस्तक बहुधा 2002 च्या आधीचे. युरोच्या नोटा आणि नाणी त्या वर्षी चलनात आली. व्याकरण त्यातलेही चालते. ऑडिओची कॅसेट मात्र वाजवायची कशावर?