रेघ न उमटवणारा टॉर्पेडो

दुसऱ्या महायुद्धात, ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री, प्रशांत महासागरातल्या ग्वादलकनाल बेटाजवळ, तासाफारोंगा इथे, पाच अमेरिकी क्रूझरांनी (मोठ्या युद्धनौकांनी) आठ जपानी विनाशिकांना (लहान, वेगवान युद्धनौकांना) गाठलं. रडार अमेरिकनांकडे, मोठ्या तोफाही त्यांच्याचकडे. जपानी विनाशिकांपैकी सहांवर तर बेटावरच्या सैनिकांसाठी रसदीची पिंपं लादलेली. तरीही रिअर ॲडमिरल रायझो तानाका यांच्या ताफ्याने एक विनाशिका गमावून ‘नॉर्थॅम्प्टन’ बुडवली आणि आणखी तीन क्रूझर जबर जखमी केल्या.

ही किमया जपानच्या ‘टाइप ९३’ टॉर्पेडोची, म्हणजे पाण्याखालून धावत जाऊन जहाजावर फुटणाऱ्या अस्त्राची. त्या काळचे बहुतेक टॉर्पेडो दाबाखालच्या हवेत इंधन जाळून धावत. पण हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो जळत नाही, पाण्यात फारसा विरघळतही नाही, म्हणून बुडबुड्यांची पांढरी रेघ मागे सोडतो. जपानी अभियंत्यांनी हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला. आता बाहेर पडणार मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. पहिला पाण्यात सहज विरघळतो, दुसरी थंड होऊन पाणीच होते. रेघ जवळपास नाहीशी झाली. शिवाय नायट्रोजनचं ओझं गेल्यामुळे पल्ला वाढला: सुमारे ४९० किलो स्फोटकं घेऊन वेगाने २० किलोमीटर, संथपणे गेल्यास ४० किलोमीटरपर्यंत!

शुद्ध ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोटाची भीती. म्हणून इंजिन आधी साध्या हवेवर सुरू करायचं, मग हळूहळू ऑक्सिजन वाढवायचा, ही युक्ती मला या सगळ्या यंत्रात सर्वांत देखणी वाटते.

पण हल्ल्याच्या या ध्यासाची किंमत होती. १९२८ पासून आलेल्या ‘फुबुकी’ वर्गाच्या विनाशिकांवर सहा तोफा आणि नऊ टॉर्पेडो नळ्या, तेही हलक्या सांगाड्यावर. सप्टेंबर १९३५ मध्ये टायफूनच्या लाटांनी ‘हात्सुयुकी’ आणि ‘युगिरी’ यांचे नाळेकडचे, म्हणजे पुढच्या टोकाचे, भागच तोडून नेले. त्यानंतर सांगाडे मजबूत करावे लागले.

त्याहून मोठी चूक शत्रूच्या पाणबुड्यांपासून जहाजांचं रक्षण करण्याच्या बाबतीत झाली. खरं तर हे काम जपान्यांना येत होतं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, माल्टाहून जपानी विनाशिका भूमध्य समुद्रात दोस्त राष्ट्रांच्या जहाजांना सोबत करत होत्या. त्यातल्या ‘साकाकी’वर ऑस्ट्रो-हंगेरियन पाणबुडीचा टॉर्पेडो बसून ५९ नौसैनिक मेले. एवढं रक्त सांडून मिळालेला अनुभव पुढच्या पिढीच्या नौदलाने बाजूला ठेवला, याचं वाईट वाटतं. जून १९४४ मध्ये ‘हार्डर’ या एकाच अमेरिकी पाणबुडीने चार दिवसांत तीन जपानी विनाशिका बुडवल्या. कमी टॉर्पेडोंच्या, झटपट बांधता येणाऱ्या ‘मात्सु’ वर्गाच्या विनाशिका त्याच वर्षी समुद्रात उतरू लागल्या, पण तोवर मालवाहू जहाजांचा मोठा हिस्सा तळाशी गेला होता.