कूर्चा-पुनर्जननासाठी मूलपेशींचे स्रोत

सांध्यातील झिजलेली किंवा दुखावलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचीक आवरण) नव्याने घडवण्यासाठी मूलपेशी, म्हणजेच निरनिराळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या स्टेम सेल, शरीराच्या निरनिराळ्या भागांतून घेतल्या जातात. अस्थिमज्जा, चरबी, सांध्याचे आतले अस्तर आणि बाळाची नाळ हे त्यांचे मुख्य स्रोत होत.

हाडांच्या टोकांवरील काचाभ (काचेसारख्या दिसणाऱ्या) कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत आणि पेशीही विरळ. त्यामुळे एकदा पडलेली खोक आपणहून नीट भरून येत नाही. कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील पेशी जखमेत उतरू देण्याची शस्त्रक्रिया जुनी आहे. पण तिच्यातून बहुधा तंतुमय, कमी टिकाऊ कूर्चा तयार होते. १९९४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून त्याच्या गुडघ्यात बसवल्याचे प्रसिद्ध केले. मात्र त्यासाठी आधी निरोगी कूर्चेचा तुकडा काढावा लागतो, आणि प्रयोगशाळेतील ताटलीत वाढता वाढता या पेशी आपले मूळ रूप गमावून तंतुपेशींसारख्या होऊ लागतात. मूलपेशींचा शोध सुरू झाला तो या अडचणीतून.

अस्थिमज्जेतील मूलपेशींचा अभ्यास सर्वांत जुना. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी १९६०च्या दशकापासून त्या वेगळ्या काढून दाखवल्या. १९९१ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ आर्नल्ड कॅप्लन यांनी त्यांच्यासाठी ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रुळवले. पेशींची घट्ट गोळी करून तिला टीजीएफ-बीटा हा वृद्धिघटक (पेशींच्या वाढीला वळण देणारे प्रथिन) दिला की त्या दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन आणि अ‍ॅग्रिकन, म्हणजे कूर्चेचा खरा मालमसाला, तयार करू लागतात. पण मज्जेत या पेशी फारच थोड्या, वयानुसार आणखी कमी होणाऱ्या. त्याहून मोठी अडचण त्यांच्या वळणाची आहे. कूर्चा झाल्यावर त्या तिथेच थांबत नाहीत. फुगतात, दहाव्या प्रकारचे कोलॅजेन बनवतात आणि हाड होण्याच्या वाटेला लागतात. वाढत्या हाडात कूर्चेचे हेच होते, पण सांध्याच्या पृष्ठभागावर ते नको असते.

चरबीचे गणित याच्या उलट आहे. लायपोसक्शनमध्ये (नळीने चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेत) निघालेल्या चरबीत मूलपेशी भरपूर सापडतात आणि त्या मिळवताना रुग्णाला त्रासही कमी होतो. कूर्चा घडवण्यात मात्र त्या मागे पडतात: टीजीएफ-बीटाला त्यांचा प्रतिसाद मंद असतो आणि बीएमपी-६ सारख्या दुसऱ्या वृद्धिघटकाची जोड दिली तर तो सुधारतो. पेशी सहज आणि मुबलक मिळतात, एवढ्यावर स्रोत निवडला की हा उणेपणा नजरेआड होतो.

सांध्याच्या अस्तरातील पेशींचे पारडे या तुलनेत जड दिसते. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी मज्जा, अस्तर, पर्यस्थी (हाडावरचे पातळ आवरण), चरबी आणि स्नायू या पाच ऊतकांतील मानवी पेशी एकमेकींशी ताडून पाहिल्या. अस्तराच्या पेशींनी सर्वांत मोठ्या कूर्चा-गोळ्या तयार केल्या. उंदरांच्या गर्भातील अभ्यासाने याला पूरक दुवा दिला आहे. भावी सांध्याच्या जागी दिसणाऱ्या एकाच पेशीपट्ट्यातून सांध्याची कूर्चा आणि अस्तर, दोन्ही घडतात. म्हणजे हे नाते सख्ख्या बहिणींचे. अडचण एवढीच की अस्तराचा नमुना छोटा असतो आणि त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात.

नाळेतील जेली आणि नाळेचे रक्त यांतील पेशी तरुण असतात आणि दात्याला इजा न करता मिळतात. त्या दुसऱ्याच्या शरीरात वापरता येतील अशी तयार ठेवता येतात. नाळेच्या रक्तातील पेशींवर आधारलेल्या कार्टिस्टेम या उपचाराला दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये मान्यता दिली.

अशा तुलना वाचताना सावध राहावे लागते. दात्याचे वय, पेशी किती वेळा वाढवल्या आणि कोणते वृद्धिघटक दिले, यांवर निकाल फिरतो. त्यामुळे एकाच दात्याच्या निरनिराळ्या ऊतकांची तुलना जास्त भरवशाची. पेशीला मेसेन्कायमल स्टेम सेल म्हणण्यासाठी २००६ मध्ये ठरलेले किमान निकष (प्लॅस्टिकला चिकटणे, पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी७३, सीडी९० व सीडी१०५ ही ओळखीची प्रथिने, आणि हाड, चरबी व कूर्चा होण्याची क्षमता) सगळ्या स्रोतांच्या पेशी कमीअधिक पूर्ण करतात. म्हणूनच त्या निकषांवरून कोणती पेशी गुडघ्यात चांगली ठरेल हे कळत नाही. शिवाय बसवलेल्या पेशी स्वतः कूर्चा होतात की नुसते संदेश-रेणू सोडून शेजारच्या पेशींना कामाला लावतात, हा वाद आहेच. कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ‘स्टेम सेल’ हे आपणच रुळवलेले नाव बदलावे असे सुचवले.