लहान मेंदूचे दोन देठ: एक आवक, एक जावक

लहान मेंदू ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खोडाला, दोन्ही बाजूंनी तीन-तीन देठांनी जोडलेला असतो. खालचा देठ इथे बाजूलाच ठेवतो. गल्लत होते ती वरच्या आणि मधल्या देठाची, म्हणजे सुपीरियर आणि मिडल सेरेबेलर पेडंकलची. दोन्हींचा संबंध मध्यरेषा ओलांडणाऱ्या तंतूंशी आहे, आणि कुठल्याही एकाला इजा झाली की हालचालीचा ताळमेळ बिघडतो. त्यात नावं चकवतात. 'मधला' देठ प्रत्यक्षात तिघांत सर्वांत बाहेरच्या बाजूला असतो, वरचा सर्वांत आत, आणि ज्याला खालचा म्हणतात तो या दोघांच्या मधून लहान मेंदूत शिरतो!

नावं विसरून कचेरीतली आवक-जावक आठवावी. मधला देठ जवळजवळ निव्वळ आवक. मोठ्या मेंदूचे निरोप पॉन्समधल्या (ब्रेनस्टेमचा मधला भाग) केंद्रकांपर्यंत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांपर्यंत, येतात आणि तिथून या देठाने लहान मेंदूत जातात. वरचा देठ मुख्यतः जावक: डेंटेट (लहान मेंदूच्या आतलं सर्वांत मोठं केंद्रक) आणि तिच्या शेजारच्या केंद्रकांचे तंतू इथून निघून वर मिडब्रेनमधल्या रेड न्यूक्लियसकडे आणि मोठ्या मेंदूच्या आतल्या थॅलॅमसकडे जातात. काही तंतू या वाटेने आतही येतात, पण थोडे. एकूण हिशेबात लहान मेंदूत येणारे तंतू बाहेर जाणाऱ्यांच्या सुमारे 40 पट आहेत असं मानतात. म्हणूनच मधला देठ जाडजूड आणि वरचा किरकोळ दिसतो.

हे डोळ्यांनी पाहायचं तर क्लिंगलरची पद्धत. बाझेलच्या योझेफ क्लिंगलरने 1935 मध्ये ती मांडली: फॉर्मलिनमध्ये मुरवलेला मेंदू गोठवायचा आणि मग वितळू द्यायचा. बर्फाचे स्फटिक तंतूंच्या जुड्या एकमेकींपासून सुट्या करतात, आणि मग बोथट लाकडी पट्टीने एकेक थर सोलता येतो. बाहेरून सुरुवात केली की आधी मधल्या देठाचा रुंद पट्टा लागतो. तो सोलून आत गेलं की डेंटेट दिसते, चुरगळलेल्या पिशवीसारखी, तोंड पुढे आणि आतल्या बाजूला. वरचा देठ त्या तोंडातून बाहेर पडतो. एकदा हे पाहिलं की दोघांची गल्लत होणं कठीण.

आता ओलांडण्याची भानगड. आवकेचे तंतू पॉन्समध्येच बाजू बदलतात आणि मग मधल्या देठात शिरतात. लहान मेंदूचा प्रत्येक अर्धा भाग आपल्याच बाजूचं शरीर सांभाळतो, त्यामुळे उजव्या मधल्या देठाला इजा झाली की उजवेच हातपाय अडखळतात. जावकेचे तंतू मात्र बाजू न बदलता निघतात आणि मिडब्रेनमध्ये (ब्रेनस्टेमचा वरचा भाग), त्याच्या मागच्या बाजूच्या इन्फीरियर कॉलिक्युलस नावाच्या उंचवट्याच्या पातळीवर, पलीकडे जातात. तिथे पोचण्याआधी इजा झाली तर त्याच बाजूला परिणाम, ओलांडल्यानंतर झाली तर विरुद्ध बाजूला, आणि नेमकी ओलांडण्याच्या जागी झाली तर दोन्हीकडे. पेशंटच्या तपासणीत फसायला होतं ते इथेच.

शस्त्रक्रियेत फरक आणखी टोकदार होतो. पॉन्सच्या बाजूच्या भागात कॅव्हर्नोमा (रक्तवाहिन्यांचा गुंता) असेल तर सर्जन कानामागून जाऊन, ट्रायजेमिनल नर्व्हच्या (चेहऱ्याची संवेदना नेणारी नस) बाहेरच्या अंगाने, मुद्दाम मधल्या देठातून वाट काढतात. तंतूंच्या दिशेने छोटा छेद घेतला तर नंतरचा तोल जाणं बऱ्याचदा सौम्य असतं आणि ओसरतं. फुकट काहीच नसतं, पण हा देठ थोडंफार सोसतो.

वरचा देठ सोसत नाही. चौथ्या व्हेंट्रिकलच्या, म्हणजे ब्रेनस्टेम आणि लहान मेंदू यांच्यामधल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या, छताच्या वरच्या अर्ध्या भागात दोन्ही बाजूंच्या भिंती याच देठांच्या असतात आणि मध्ये पातळ पडदा. लहान मुलांतला मेड्युलोब्लास्टोमा (लहान मेंदूचा कॅन्सर) नेमका याच पोकळीत वाढतो. गाठ काढल्यावर मूल एखाद-दोन दिवस बोलतं आणि मग गप्प होतं, कधी आठवडे, कधी महिने. हे सेरेबेलर म्यूटिझम अशा मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्शात दिसतं, आणि दोन्ही बाजूंच्या जावक वाटेला झालेली इजा हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. व्हर्मिस (लहान मेंदूचा मधला पट्टा) मधोमध चिरण्याऐवजी लहान मेंदूचे टॉन्सिल (खालचे लोंबते भाग, घशातले नव्हेत) बाजूला सारून छताच्या पातळ पडद्यातून, म्हणजे टेलोव्हेलर मार्गाने, जायची पद्धत रुळली ती बरीचशी यामुळेच. माझ्या मते या मार्गाचं कौतुक कधीकधी जरा जास्त होतं. गाठच देठाला चिकटलेली असेल तर आत कुठून शिरलात याला फारसा अर्थ उरत नाही.

एमआरआयवरही दोघं वेगळे वागतात. पार्किन्सनसारखे दिसणारे दोन आजार घ्या: प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सीत वरचा देठ झिजतो, मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफीच्या लहान मेंदूच्या प्रकारात मधला. दोघांच्या रुंदीचं गुणोत्तर पार्किन्सनसारख्या आजारांत भेद करायच्या एका निर्देशांकात थेट वापरतात. ट्रॅक्टोग्राफीच्या, म्हणजे एमआरआयवरून तंतूंच्या वाटा रेखाटणाऱ्या तंत्राच्या, रंगीत चित्रावर मात्र जपून विसंबावं. मिडब्रेनमध्ये तंतू एकमेकांना छेदतात तिथे साधं सॉफ्टवेअर गोंधळतं, आणि जावकेची वाट पलीकडे न जाता त्याच बाजूने सरळ वर गेल्यासारखी रंगवून मोकळं होतं.